सावलीगडच्या पुलाला कठडा नाही

तपासनिसाने तोंडाने कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं आणि कागदावर कधी कुणाला हो म्हटलं नव्हतं.

लिफ्टा, सरकते जिने, कठडे, गच्चीचे दरवाजे असल्या गोष्टी तपासणाऱ्या खात्यात तो सात वर्षं नोकरीला होता. इमारतीचे सेक्रेटरी त्याच्या मागेमागे फिरत विचारायचे, "काय साहेब, कशी वाटली लिफ्ट?" तपासनीस म्हणायचा, "छान आहे." चौथ्या दिवशी टपालाने नोटीस यायची: ब्रेक झिजलेले, दिवा बंद, धोक्याची घंटा वाजवल्यास पाचव्या मजल्यावरचा कुत्रा भुंकतो, घंटा वाजत नाही. सेक्रेटरी आयुष्यभर त्याला दुतोंडी म्हणायचे. खरं म्हणजे तोंड एकच होतं आणि ते 'छान' म्हणायचं. बाकी सगळं हाताचं काम होतं.

या 'छान'ची किंमत त्याने घरीही मोजलेली होती. शेजारी एक निवृत्त पोस्टमास्तर काका राहत. चार वर्षांपूर्वी त्यांनी जिन्यात माउथ ऑर्गन वाजवून दाखवला होता आणि तपासनीस घाईत असल्यामुळे 'छान' म्हणून गेला होता. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी सामाईक भिंतीला पाठ टेकून वाजवत, म्हणजे तपासनिसाला नीट ऐकू यावं.

तर अशा या माणसाचं लग्न ठरत होतं. ठरलं नव्हतं, ठरत होतं. दोन्ही घरच्यांनी ओळख करून दिली होती आणि मुलीनेच अट घातली होती की चार भेटी होतील, मग दोघंही आपापल्या घरी हो किंवा नाही सांगतील. पाचवी भेट नाही. तपासनिसाला ही पद्धत फार आवडली. त्याच्या खात्यातही चार तपासण्यांनंतर लिफ्ट एक तर चालू करतात, नाही तर सील करतात.

ती एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, लोकांचे डोळे तपासायची. पहिल्या भेटीत कॉफी ढवळता ढवळता म्हणाली, "लोक माझ्याशीसुद्धा खोटं बोलतात, माहितीये? खालची ओळ दिसत नसते, तरी अंदाजाने अक्षरं सांगतात. जणू काही मी नापास करणार आहे. मग चुकीच्या नंबरचा चष्मा घालून जिन्यात पडतात."

"छान," तपासनीस म्हणाला.

"काय छान?"

"म्हणजे... तुमचं काम."

दुसऱ्या भेटीत तिने पिशवीतून एक कादंबरी काढून टेबलावर ठेवली. टेबल जरासं हललं. सहाशे चाळीस पानं, नाव 'सावलीगडची शपथ'. मुखपृष्ठावर एक तरुण आणि एक तरुणी एकमेकांच्या गळ्याला तलवार लावून उभे होते, पण नजरा एकमेकांच्या ओठांवर. अशा स्थितीत दोघांपैकी एकाचं तरी कापलं जाणार हे तपासनिसाला लगेच दिसलं. खाली लिहिलं होतं: 'दोन वैरी. सात जीवघेण्या कसोट्या. एकच पांघरूण.'

"वाचा आणि पुढच्या भेटीत सांगा कसं वाटलं," ती म्हणाली. "खरं सांगा हं. मला पुस्तकावरून माणूस कळतो."

हे ऐकून कुठल्याही माणसाने पुस्तक घरी नेऊन आधी तिला काय आवडत असेल याचा विचार केला असता. तपासनिसाने तो केला नाही, कारण 'जीवघेण्या' या शब्दाने त्याला घेरलं होतं. सात वर्षांत त्याने धोका फक्त टाळलेला पाहिला होता. प्रत्यक्षात काय, तर एकदा एका गृहस्थाचा मफलर सरकत्या जिन्यात अडकला होता, तोही सुटला. ज्या जागेत सात सात धोके जाणूनबुजून ठेवले आहेत आणि वर त्याची जाहिरात केली आहे, अशी जागा त्याने पाहिली नव्हती. त्याने पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, पेन्सिलीला टोक काढलं आणि नऊ दिवसांत वाचून संपवलं.

निराशा झाली.

साधी नाही. सावलीगडावर दर बारा वर्षांनी चाळीस तरुण-तरुणींना गोळा करून एका गादीसाठी कसोट्या घ्यायच्या, असा मामला होता. नायक शत्रुघराण्यातला, नायिका अनाथ; ती अनाथ नाही हे पान आठवरच कळत होतं, तिला स्वतःला पान पाचशे नव्वदवर कळलं. मेले दोघं. त्यातला एक घोड्यावरून पडून, येतानाच, म्हणजे कसोटी सुरू होण्याआधी. दुसरा स्वयंपाकी. तो स्पर्धेत नव्हता. बाकी एकोणचाळीस जण सहा कसोट्यांमधून धडधाकट बाहेर आले, आणि सातवी होण्याआधी पुस्तक संपलं.

आता हे तिला सांगायचं कसं? तपासनिसाला तोंडी विचार करता येत नसे. जेवणाच्या सुट्टीत त्याने टेबलाच्या खणातून एक 'नमुना क' काढला. नमुना क म्हणजे खात्याचा पिवळा, दोन पानी तपासणी अहवाल. डोकं मोकळं करण्यासाठी, स्वतःपुरता, त्याने तो भरला.

'जागेचे नाव: सावलीगड. जागेचा प्रकार: किल्ला, शाळा, मधूनमधून प्रेमप्रकरण. जागेवरील व्यक्ती: सुरुवातीस चाळीस, अखेरीस एकोणचाळीस, स्वयंपाकी सोडून.

दरीवरील पुलास कठडा नाही. तरीही कोणी पडत नाही. नायिका सहा वेळा पडता पडता राहते व दर वेळी नायक हात धरतो. कठडा बसवल्यास नायकास दुसरे काम देता येईल. आगीच्या चक्रव्यूहातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच असून त्यात नायक उभा असतो. नायकाचा जबडा एक्केचाळीस वेळा आवळला गेल्याचे आढळले, वंगण नसावे. नायिकेने श्वास रोखून धरल्याचे तिला श्वास सुटल्यावर कळते, असे तेवीस वेळा. हवा खेळती ठेवावी. दोघे वैरी असल्याचे बाहेर फलकावर लिहिले आहे. प्रत्यक्ष पाहणीत पान अडतीसनंतर वैर आढळले नाही. सातवी कसोटी जागेवर उपलब्ध नव्हती. पांघरूण एकच असल्याचे खरे आहे.

शेरा: जाहिरातीप्रमाणे धोका आढळला नाही. निराशा झाली.'

सही केली, तारीख घातली. त्याला हलकं वाटलं. अहवाल त्याने पुस्तकात खोचला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. आता त्याच्या कचेरीत टेबलाच्या डाव्या कोपऱ्याला 'बघू' म्हणतात आणि उजव्या कोपऱ्याला 'गेलं'. डावीकडचं कुणी उचलत नाही, उजवीकडचं कुणी ठेवत नाही; आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई साडेतीनला फिरतात आणि उजवीकडचं सगळं घेऊन जातात. त्या दिवशी डावीकडे जेवणाचा डबा होता. पुस्तक उजवीकडे राहिलं, आणि तपासनीस तीन दिवसांच्या फिरतीवर गेला.

फिरतीवरून परत येताना, वाटेतच, तिसरी भेट होती. पुस्तक कचेरीत राहिलंय एवढंच त्याला आठवत होतं.

"मग?" तिने विचारलं. "कसं वाटलं?"

तपासनिसाने तोंड उघडलं. त्यातून जे सात वर्षं येत होतं तेच आलं. "छान."

"हो? खरंच?"

"छानच आहे. ते... पूल वगैरे."

"आणि शेवट?"

"शेवटही छान. म्हणजे, पुढचा भाग वाचावासा वाटतो."

तिने त्याच्याकडे जरा वेळ, एक डोळा बारीक करून, बघितलं. मग म्हणाली, "मला तर भयंकर कंटाळा आलेला. दोनशे बाराव्या पानावर सोडलं मी. तो जबडा आवळत होता, तो आवळू दे म्हटलं आणि झोपले. पण तुम्हाला एवढं आवडलंय म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. आता पूर्ण वाचते. पुढच्या भेटीत आणा परत."

माणसाच्या आयुष्यात असे प्रसंग येतात की खरं बोलायचं बक्षीस समोर ताटात वाढून ठेवलेलं असतं आणि आपण नुकतेच 'भूक नाही' म्हणून बसलेलो असतो. तपासनिसाने "छान" म्हणून कॉफी संपवली. ती थंड होती.

चौथी भेट पंधरा दिवसांवर होती. हिशेब सरळ होता: तिने पुस्तक वाचलं की तिला कळणार, की हा माणूस एक तर खोटारडा आहे किंवा याला हे खरंच आवडतं. यातलं दुसरं जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेला तर उजवा कोपरा रिकामा. तो आवक-जावकच्या बाईंकडे धावला. बाई चष्मा नाकावर घेऊन काहीतरी जाडजूड वाचत होत्या.

"बाई, माझं पुस्तक."

"तुमचं नाही ते आता. सहपत्र आहे." त्यांनी आत बोट ठेवून पुस्तक मिटलं. "तुमच्या अहवालाला नंबर पडला ना. जोडलेलं काय? पुस्तक एक. मग ते फाईलचं झालं."

"अहो, तो खरा अहवाल नाही."

"नमुना क आहे?"

"आहे."

"सही तुमची?"

"माझीच."

"मग अजून किती खरा करायचा?" बाईंनी नाकावरचा चष्मा वर केला. "आणि एक सांगू? तुम्ही फार वाईट लिहिलंय हो त्या पोराबद्दल. वंगण नसावे म्हणे. आईशिवाय वाढलाय तो."

"तुम्ही वाचताय?"

"सहपत्र तपासून घ्यावं लागतं. तीनशे चाळीसपर्यंत तपासलंय."

तपासनीस साहेबांकडे गेला. साहेब शांत गृहस्थ होते. सेवेला एकतीस वर्षं झाली होती आणि आता कशाचंही आश्चर्य वाटून घेण्यासाठी ते रजा टाकत. त्यांनी फाईल पाहिली, पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं, कान खाजवला.

"ही कादंबरी आहे हे मला दिसतंय," ते म्हणाले.

"हो सर."

"सावलीगड नावाची जागा नाही, हेही मला मान्य आहे."

"हो सर."

"पण नंबर पडलाय. आता जागा नाही म्हणून फाईल बंद करायची, तर नसलेल्या जागेला तुम्ही भेट कशी दिलीत हा प्रश्न येतो. त्यापेक्षा जागा असलेली बरी."

"मग बंद कशी होणार सर?"

"सगळ्या फायली होतात तशीच. त्यांनी दोष दूर केल्याचा पूर्तता अहवाल पाठवायचा, तुम्ही जाऊन पुनर्तपासणी करायची, मी दफ्तरदाखल लिहायचं. मग सहपत्र सुटतं."

"त्यांनी म्हणजे कुणी सर?"

"गडाने," साहेब म्हणाले, आणि पुढची फाईल ओढली.

घरी आईने ताट मांडता मांडता सगळं ऐकून घेतलं. आईचा स्वभाव व्यवहारी. "सांग, पाण्यात पडलं म्हणून," ती म्हणाली.

"सहाशे चाळीस पानं पाण्यात कशी पडतील?"

"जड आहे ना? मग पडायला सोपं." मग जरा थांबून म्हणाली, "नाही तर खरं सांग."

"काय?"

"काही नाही. भाजी कशी झालीये?"

"छान."

"मीठ विसरलेय मी," आई म्हणाली आणि आत गेली.

शेजारचे काका तर भिंतीपलीकडूनच सगळं ऐकत असावेत, कारण जिन्यात त्यांनी विषयालाच हात घातला. "हे बघ, पस्तीस वर्षं टपालात काढली मी. फाईल मारता येत नाही, थकवता येते. तू तिला सारखं काहीतरी विचारत राहा. सहपत्राची पानं किती, कव्हर वर्तमानपत्राचं आहे ते कुठल्या तारखेचं. दमते ती. आपोआप तळाला जाते."

"तळाला गेली तर पुस्तकही जाईल ना काका."

"हां," काका म्हणाले, "त्या बाजूने मी पाहिलं नव्हतं." आणि विषय बदलण्यासाठी त्यांनी खिशातून माउथ ऑर्गन काढला.

तरीही तपासनिसाने फाईलला एक प्रश्न विचारून पाहिला. कव्हराच्या वर्तमानपत्राबद्दलच. त्याचा परिणाम असा झाला की फाईल दमली नाही, उलट जागी झाली आणि मुख्यालयात गेली. मुख्यालयाने आठवड्याच्या आत चार ओळींचं पत्र पाठवलं. पूल, चक्रव्यूह, जबडा, कशाबद्दलही त्यांना काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी फक्त शेरा वाचला होता, कारण मुख्यालय फक्त शेराच वाचतं. 'सदर जागेत अपेक्षित जीवितहानी न झाल्याबद्दल तपासनिसाने निराशा व्यक्त केल्याचे दिसते. खात्याच्या कर्मचाऱ्यास माणसे न मेल्याने निराशा का झाली, याचा खुलासा सात दिवसांत करावा.'

सात वर्षांत तपासनिसाच्या नावावर एक लाल शाईची रेघ नव्हती.  मग त्याने खुलासा लिहिला, आणि कागदावर त्याला खोटं लिहिता येत नसल्यामुळे तो असा झाला: 'माणसे मरावीत अशी इच्छा नव्हती. मरतील असे सांगण्यात आले होते. सहाशे चाळीस पाने भीती वाटण्याची वाट पाहिली. ती वाटली नाही. तिसऱ्या भेटीत वाटली. ती बाब या फाईलशी संबंधित नाही.'

साहेबांनी खुलासा वाचला. "तिसरी भेट म्हणजे?"

"खासगी आहे सर."

"मग ते वाक्य काढा."

"खरं आहे सर."

"म्हणूनच काढा," साहेब म्हणाले. पण त्यांनी स्वतः ते काढलं नाही, तसंच पुढे पाठवलं.

चौथ्या भेटीला पाच दिवस उरले असताना तपासनीस पुन्हा बाईंकडे गेला. म्हणाला, निदान नोटीस तरी पाठवू नका, उगाच टपालात फिरत राहील.

"ती तर केव्हाच गेली," बाई म्हणाल्या. "अहवालाची प्रत जोडून, रजिस्टर पोस्टाने. पोचही आली."

"पोच आली? कुठून?"

"पत्त्यावरून. पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का नव्हता का? चष्म्याच्या दुकानाचा? म्हटलं, गडाचं शहरातलं ऑफिस असेल."

तपासनीस खुर्चीवर बसला. ती खुर्ची बाईंची होती. पहिल्या पानावर शिक्का होता खरा. तिच्या दुकानाचा, जांभळा, जरासा तिरका. दुकानात ठेवलेल्या आपल्या प्रत्येक पुस्तकावर ती तो मारायची. तो त्याने पाहिलाही होता. नऊ दिवस रोज पाहिला होता, कारण नसताना.

म्हणजे तिच्या हातात आता नमुना क होता. पूल, वंगण, पांघरूण, निराशा, सही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तारीख. तारीख तिसऱ्या भेटीच्या तीन दिवस आधीची होती. तोंडाने 'छान' म्हणताना हाताने काय लिहून ठेवलं होतं ते तिला तारीखवार कळलं होतं.

त्याने फोन हातात घेतला, खाली ठेवला. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा तिचाच आला.

"पुस्तक नीट आहे ना?" तिचा आवाज नेहमीसारखा होता.

"आहे. सुरक्षित आहे."

"कपाटात?"

"...हो."

"कुलूप लावून?"

"हो."

"छान," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो ते तपासनिसाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. संध्याकाळी भिंतीपलीकडे माउथ ऑर्गन सुरू झाला तेव्हा तो उठून काकांच्या दारात गेला, आणि काकांनी "कसं?" म्हणून विचारल्यावर म्हणाला, "छान". मग घरी येऊन त्याने आईला सांगितलं की आता मुलगी नाहीच म्हणणार.  आईने भाजीत मीठ जास्त घातलं.

दोन दिवसांनी आवक-जावकच्या बाई स्वतः उठून त्याच्या टेबलापाशी आल्या. त्या उठल्या म्हणून अख्खी कचेरी वर बघायला लागली. त्यांच्या हातात पाकीट होतं.

"गडाचं उत्तर आलंय," त्या म्हणाल्या.

पूर्तता अहवाल तपासनिसाने उभ्यानेच वाचला. टाइप केलेला होता, समास सोडलेला होता, वर विषय होता, संदर्भ होता, जावक क्रमांकसुद्धा बरोबर घातला होता.

'माननीय तपासनीस, आपली नोटीस मिळाली. दोषनिहाय पूर्तता पुढीलप्रमाणे.

दरीवरील पुलास दोन्ही बाजूंनी कठडा बसवला आहे. त्यामुळे हात धरण्याचे सहा प्रसंग रद्द झाले असून पुस्तक चाळीस पानांनी कमी झाले आहे. नायकास तिकीट खिडकीवर बसवले आहे. चक्रव्यूहाला मागून दुसरे दार काढले आहे. नायक त्यात उभा राहणार नाही, अशी त्याच्याकडून लेखी हमी घेतली आहे. जबड्याबाबत त्यास दंतवैद्याकडे पाठवले असता तो दिवसभर दात खातो असे निष्पन्न झाले. प्रेम नसून दाढ असावी. नायिकेच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या आहेत. दोघांमध्ये वैर आढळत नाही, हे खरे आहे. ते निर्माण व्हावे म्हणून दोघांना एकाच इमारतीच्या पार्किंग समितीवर घेतले आहे. प्रगती समाधानकारक आहे.

सातवी कसोटी जागेवर नव्हती, हा आक्षेप मान्य. ती कसोटी अशी: पुस्तक आवडले नाही, हे ज्याने पुस्तक दिले त्याला तोंडावर सांगणे. ही कसोटी जीवघेणी असल्यामुळे सहसा घेतली जात नाही. अलीकडे एका उमेदवाराची घेतली. तो नापास झाला. नाव आपल्या कार्यालयास माहीत असावे.

आपणास निराशा झाली हे वाचून व्यवस्थापनास समाधान वाटले. व्यवस्थापनालाही ती पान दोनशे बारावर झाली होती. हे व्यवस्थापनाने मात्र तोंडी सांगितले होते.

पुनर्तपासणीसाठी शनिवारी चार वाजता यावे. ही चौथी असेल. व्यवस्थापक, सावलीगड. (चष्मे व कॉन्टॅक्ट लेन्स येथे मिळतील.)'

तपासनिसाने कागद साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला; एरवी ते एकदाही वाचत नसत.

"मुद्देसूद आहे," ते म्हणाले. "अशी माणसं आपल्याकडे का येत नाहीत नोकरीला?" त्यांनी समासात बारीक टिक केली. "जा शनिवारी. सहपत्र बरोबर न्या, सही देऊन. आणि हा सातव्या कसोटीचा मुद्दा. बाकीचे दिसतातच, पण हा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मला दफ्तरदाखल लिहिता येणार नाही."

"हो सर."

"कोरा नमुना क आहे ना जवळ? तोंडाच्या भरवशावर जाऊ नका."

पुस्तक बाईंनी कपाटातून काढून दिलं तेव्हा ते पुसलेलं होतं आणि कव्हर बदललेलं होतं. "संपलं माझं," त्या म्हणाल्या. "शेवटी रडले मी. तुम्हाला नाही कळायचं. दुसरा भाग आला की तोही तपासायला आणा."

शनिवारी चार वाजता दुकानात एक आजोबा फ्रेमा लावून बघत होते. प्रत्येक फ्रेम लावून आरशात बघून म्हणायचे, "मीच दिसतोय." तिने मागच्या खोलीचा पडदा बाजूला केला. "या. बसा."

खोलीत अंधार होता. समोर उजळलेल्या पाटीवर अक्षरांच्या ओळी, वर मोठ्या, खाली बारीक होत गेलेल्या. तपासनीस उंच खुर्चीवर बसला. खुर्ची जराशी हलली. त्याने पुस्तक मांडीवर ठेवलं.

"शेवटची ओळ वाचा," ती म्हणाली.

त्याने पाहिलं. पाचवं अक्षर नीट दिसत नव्हतं, बहुतेक 'भ' होता, 'म'ही असेल. जन्मभराच्या सवयीने तो अंदाज सांगणार होता.

"दिसत नाही," तो म्हणाला.

"हं." तिने कशावर तरी खूण केली. मग कोपऱ्यातल्या यंत्रातून कॉफीचा कागदी कप भरून त्याच्या हातात दिला. "घ्या. कशी झालीये?"

त्याने घोट घेतला. दुकानातली यंत्राची कॉफी ती. पावसाच्या पाण्यात कुणीतरी तपकिरी रंगाची आठवण काढावी तशी होती. ती समोर हाताची घडी घालून उभी होती. पाटीचा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. तपासनिसाने श्वास रोखला. आपण तो रोखलाय हे त्याला रोखतानाच कळत होतं, एवढाच काय तो नायिकेहून फरक.

"छा," तो म्हणाला, आणि थांबला.

बाहेर आजोबा म्हणाले, "यातही मीच."

तिने टेबलावरून पेन उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. आत्तापर्यंत ती त्याला 'तुम्ही' म्हणत होती. पूर्तता अहवालात तर 'माननीय'.

"लिहून दे," ती म्हणाली.

त्याने खिशातून कोरा नमुना क काढला आणि पुस्तकावर ठेवून अंधारातच लिहायला लागला. जागेचे नाव: अंधारी खोली. जागेचा प्रकार: तपासणी. कॉफी पाणचट, साखर दुप्पट. खुर्चीचा मागचा उजवा पाय हलतो. पुस्तक वाईट होते, हे तिसऱ्या भेटीत सांगायला हवे होते, सांगितले नाही, दोष तपासनिसाचा. जागेवरील व्यक्ती: दोन.

शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सात वर्षांत त्याने त्या रकान्यात एकही चांगला शब्द लिहिला नव्हता, त्यामुळे कुठला लिहितात ते त्याला माहीत नव्हतं. शेवटी त्याने खात्याला माहीत असलेला एकच शब्द लिहिला. 'हरकत नाही.'

तिने कागद पाटीच्या उजेडात धरून वाचला. सावकाश, खालच्या ओळीपर्यंत.

"मुख्यालय फक्त शेराच वाचतं ना?" तिने विचारलं.

"हो."

"आमच्याकडे पण." तिने खणातून जांभळा शिक्का काढला, फुंकर मारली आणि सहीच्या शेजारी मारला, जरासा तिरका. "आता हा ठेवायचा कुठे? दोघांनाही आपापल्या घरी दाखवावा लागेल."

तपासनिसाने टेबलाकडे पाहिलं. डावीकडे लेन्सचा डबा होता, पण जागा होती, मनात आणलं असतं तर 'बघू' म्हणून ठेवता आला असता. त्याने कागद घेतला आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला.